ती येऊन गेली

५ मार्च

गायक महोदय,

हे पत्र रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथून ते तुमच्या हाती पडावं. नाही पडलं तर मी दुसरं लिहीन, मग तिसरं. मी चिकट आहे. घड्याळं दुरुस्त करते, त्या कामात चिकटपणा नसेल तर माणूस आठवड्यात पळून जातो.

तुमचं ते सुट्टीचं गाणं सध्या ऊठसूट वाजतंय. समोरचा न्हावी दुकान उघडताना लावतो आणि बंद करताना लावतो. माझा नवरा शाळेची बस चालवतो, त्याने ते बसमध्ये लावलं, तेव्हापासून सगळी पोरं घसा फाडून म्हणत शाळेत जातात. घरी तो आंघोळीला गेला की तो आणि बादली मिळून गातात. निम्मे शब्द त्याचे चुकतात. एक ओळ मात्र कधी चुकत नाही: "ती आलीच नाही, ती आलीच नाही."

माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

बाकी गाणं बरोबर आहे. सात दिवसांची सुट्टी, तळं, होड्यांचा धक्का, एक हात मोडलेलं हिरवं बाक. सगळं तिथे होतं. मग तुम्ही म्हणता, "पाच वाजले, पाणी हललं, होडी गेली दूर", आणि लगेच ती ओळ. ती साफ खोटी आहे. पाच वाजता ती मुलगी बाकावर बसलेली होती. पावणेपाचलाच येऊन बसली होती. मला कसं माहीत, असं विचाराल. त्या आठवड्यात मीही तिथेच, त्याच गेस्टहाऊसमध्ये उतरले होते आणि त्या मुलीला बऱ्यापैकी ओळखत होते, एवढं पुरे.

वीस एप्रिलला तुम्ही हे गाणं मोठ्या वाद्यवृंदासोबत रेडिओवर थेट गाणार आहात आणि तेच कायमचं ध्वनिमुद्रित होणार आहे, असं निवेदिका सांगत होती. कायमचं व्हायच्या आत ओळ बदला. एवढीच मागणी आहे. सही, फोटो, कार्यक्रमाचा पास, काही नको.

आमच्या दुकानाची पाटी माझ्या वडिलांनी रंगवून घेतलेली आहे: "दिलेली वेळ पाळली जाईल." त्या पाटीखाली बसून मी दिवसातून दहा वेळा ऐकते की ती आलीच नाही. राग येणार नाही तर काय होणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पाच वाजता बाकावर ती होती. तू नव्हतास.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

आपली,
घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई


१६ मार्च

चिंब,

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी टिकटिक. हे नाव तूच ठेवलं होतंस, गाण्यात घातलं नाहीस एवढे उपकार.

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझा फोटो मिळाला. हनुवटीखाली हात, खाली छापलेली सही, आणि "तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहे." मी तुला खोटारडा म्हटलं आणि तू माझ्या प्रेमाबद्दल आभार मानलेस! पाकीट आधी नवऱ्याच्या हाती लागलं. तो इतका खूश झाला की काही विचारू नकोस. "अगं, तू ह्यांना पत्र लिहिलंस? मला सांगायचंस तरी, मीही दोन ओळी लिहिल्या असत्या!" त्याने फोटोला चौकट बसवली आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवला. आता मी भाजी चिरताना तू वरून हसत बघतोस. केस रंगवतोस, ते कळतं.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. सत्तावीस वर्षं झाली. पहिल्याच दिवशी होडीतून उतरताना तू पाण्यात पडलास आणि तसाच जेवणघरात आलास, म्हणून तुझं नाव चिंब. घड्याळ कानाशी धरून हलवत होतास. मी म्हणाले, "हलवू नका, ती काय औषधाची बाटली आहे?" बाबा सुट्टीतही हत्यारांची छोटी पेटी बरोबर ठेवायचे. मी जेवणाच्या टेबलावरच झाकण उघडलं, भिंग लावलं आणि आतलं पाणी टिपून घेतलं. एक दांडी गंजली होती, नवी घालावी लागणार होती. मी म्हणाले, घरी नेऊन करते, पत्ता द्या, पाठवते. तू म्हणालास, पत्ता शेवटच्या दिवशी देईन, म्हणजे तोवर तुम्ही माझ्याशी बोलत राहाल. असं बोलायला तू कुठे शिकला होतास कोण जाणे. माझ्यावर मात्र त्याचा परिणाम झाला.

त्या घरातलं लंबकाचं घड्याळ आठवतं? मालकीणबाई ते चाळीस मिनिटं पुढे ठेवायच्या, उतारूंची होडी चुकू नये म्हणून. आणि सगळे उतारू मनातल्या मनात चाळीस वजा करायचे. मग पुढे ठेवून मिळवलं काय? तू दुसऱ्या दिवसापासून वजाबाकीत तरबेज झालास. मला तर त्या घड्याळाकडे बघवायचं नाही.

सहाव्या दिवशी होडीत तू मला एक प्रश्न विचारलास. मी म्हणाले, उद्या पाचला बाकावर उत्तर देते. सहाला आमची बस होती, वरच्या रस्त्यावरून. चढायला पंधरा-वीस मिनिटं धरली तर हातात अर्धा तास होता. उत्तर द्यायला अर्धा तास खूप होतो.

मी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. बाकाचा हिरवा रंग बाहीला लागला, अजून गेलेला नाही. एक कुत्रं आलं, माझे पाय हुंगले आणि निघून गेलं. पाच पस्तीसला मी उठले. बसपाशी बाबांनी विचारलं, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हणाले, धूळ. मग खिडकीकडे तोंड करून अख्खा रस्ता रडले. घरी पोहोचल्यावर तोंड धुतलं आणि ठरवलं की झालं तेवढं बस झालं. त्यावर मी कोणाशीही चकार शब्द बोलले नाही, बाबांशीसुद्धा.

हे सगळं मी गिळलं होतं. पचलंही होतं. पण तू नाही आलास आणि वर जगाला सांगतोस की मी आले नाही, हे पचणार नाही.

तू म्हणशील, ओळ बदलली तर चाल मोडेल. मोडत नाही. मी मोजलं आहे. "ती आलीच नाही" काढ आणि तिथे "ती येऊन गेली" घाल. तेवढेच ठोके, लांब तिथे लांब, आखूड तिथे आखूड. दुकानातल्या मोठ्या लंबकासमोर बसून वीस वेळा म्हणून पाहिलं, एकदाही अडखळलं नाही. टेबलावर बोटं वाजवून तूही बघ.

वीस तारखेला पाच आठवडे आहेत. हाताने उत्तर लिही, फोटो पाठवू नकोस.

टिकटिक


२७ मार्च

चिंब,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. इकडे काय झालं ते कळवते, कारण त्याला तू जबाबदार आहेस.

परवा सकाळी मी पोळपाटावर बोटं वाजवत ती नवी ओळ म्हणत होते. नवरा बुटाची नाडी बांधत होता. तो म्हणाला, "चुकतेस. 'आलीच नाही' आहे ते."

मी म्हणाले, "आली होती."

"अगं, अख्खं गाणं त्यावर आहे. तुला काय माहीत?"

"कारण ती मी होते."

त्याने एक बूट घातला होता, दुसरा हातात होता. तो तसाच खुर्चीवर बसला. मग मी सगळं सांगितलं, तुझ्या पाण्यात पडण्यापासून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि हा एकच आठवडा मी त्याला सांगितला नव्हता. लपवावं असं त्यात काही नव्हतं, तरी लपवला. कोणी आपल्याला बोलावून आलं नाही, हे सांगायला लाज वाटते रे. वयाच्या विसाव्या वर्षीही वाटते आणि सत्तेचाळिसाव्याही.

मला वाटलं, आता पुढचे चार दिवस हा माणूस "हं" आणि "बरं" यांच्यावर काढणार. पण त्याने विचारलं, "बोलावलं किती वाजता होतं?"

"पाचला."

"आणि तू गेलीस कधी?"

"पावणेपाचला."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "लग्नाच्या दिवशी मी अकरा मिनिटं उशिरा आलो, ते तू मला अजून ऐकवतेस. तू बोलावल्या वेळी गेली नाहीस असं म्हणणारा माणूस एक तर खोटारडा असला पाहिजे, नाहीतर कवी." मग दुसरा बूट न घालताच उठला आणि फळीवरचा तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. "ओळ बदलेपर्यंत हा असाच उभा राहील." वर्गात मागे तोंड करून उभं करतात तसा तू सध्या डब्यांमध्ये उभा आहेस. बसमध्येही त्याने गाणं बंद केलंय. पोरं रुसली आहेत.

तो दुखावला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तो पाचला आला असता तर?" मी म्हणाले, "माहीत नाही." हे खरं होतं आणि त्याला ते खरं आहे हे कळलं. त्याने माझा कप भरला आणि स्वतःचा अर्धाच भरला, चहा कमी पडला म्हणून. मी माझ्यातला त्याच्या कपात ओतला. मी ह्या माणसाशी सुखाने नांदते, हे तुला कळावं. मला तू नको आहेस. मला ती ओळ हवी आहे.

तीन आठवडे उरले.

टिकटिक


३ एप्रिल

चिंब,

तुझं पत्र मिळालं. चार पानी, हाताने लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, पावसात भिजल्यासारखं.

तू लिहितोस की तू पाचला आला होतास, बरोबर पाचला, आईची शपथ. बाक रिकामं होतं. तू अंधार पडेपर्यंत बसलास. आणि तू लिहितोस, घरातल्या घड्याळाचे सहा ठोके पडले, चाळीस वजा जाता पाच वीस, आणि तेव्हाच वरच्या रस्त्यावरून बसचा भोंगा ऐकू आला, म्हणजे बस त्या दिवशी लवकर सुटली असणार आणि म्हणून मला खाली येता आलं नसणार, अशी तू मनाची समजूत घातलीस.

बस लवकर सुटली नव्हती. मी तिच्यात होते. ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा माझ्या घड्याळात सहा वाजले होते, आणि माझं घड्याळ मीच लावलेलं होतं.

सहा आणि पाच वीस. काल दुपारपासून मी एवढीच वजाबाकी करते आहे. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उलटं जोडलं, परत उघडावं लागलं.

तू अजून ओळ बदलू नकोस. मी सांगेपर्यंत थांब.

टिकटिक


७ एप्रिल

चिंब,

बसून वाच. मी उभ्याने लिहायला घेतलं होतं, जमलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मालकीणबाई आडव्या झाल्या होत्या. तू होडी घेऊन गेला होतास. बाबा सामान बांधत होते. मी जेवणघरात एकटी होते आणि आनंदात होते. इतक्या आनंदात की कोणाचं तरी काहीतरी भलं करावं असं वाटत होतं. समोर ते घड्याळ. मनात आलं, बाईंनी आठवडाभर आपलं इतकं केलं, जाताना त्यांचं घड्याळ तरी बरोबर करून जाऊ. स्टुलावर चढले. तबकडी पुसली, लंबक पुसला.

ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात. आतलं ठोक्यांचं काम बिघडतं. घड्याळ पुढे असेल तर लंबक थांबवायचा, जितकं पुढे आहे तितका वेळ वाट पाहायची, आणि मग परत झोका द्यायचा. मी लंबक थांबवला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. चाळीस मिनिटं. तुला काय उत्तर द्यायचं, कुठल्या शब्दांत द्यायचं, हे मी त्या चाळीस मिनिटांत ठरवलं. मग उठून झोका दिला. पहिल्यांदाच त्या घरातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं आणि ते घरात माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

पुढचं तू केलंस. मनगटावर घड्याळ नाही, कारण ते बाबांच्या पेटीत. वर बघितलंस, पाच वाजलेले. चाळीस वजा केलेस, चार वीस झाले. वेळ आहे म्हणालास. पाच चाळीस झाले तेव्हा निघालास. मी पाच पस्तीसला वरच्या पायऱ्यांनी चढून गेले. तू स्वयंपाकघरामागच्या वाटेने खाली आलास. बाक बहुतेक अजून उबदार असेल. तुझी दोन्ही घड्याळं माझ्याच हातात होती रे.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाले होते. माझ्या डोळ्यात अख्खं मुसळ होतं, आणि ते मीच घालून घेतलेलं.

काल बाबांना विचारलं. ते चौऱ्याऐंशीचे आहेत, दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. कान गेले, पण घड्याळ हातात दिलं तर बोटांनी सांगतात की दिवसाला किती मागे पडतंय. त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. न्हाव्यालाही सगळं समजलं असणार. बाबांनी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही, प्रश्नाबद्दल नाही, रडण्याबद्दल नाही. ते म्हणाले, "त्या बाईने तुला वेळ लाव म्हणून सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

आमच्या दुकानाचा हा नियम आहे. घड्याळ दुरुस्त करून द्यायचं, पण विचारल्याशिवाय वेळ लावायची नाही. कोणी घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवतं, कोणी दहा. कोणाचा नवरा दूरदेशी असतो, ती बाई तिथली वेळ लावते. बाबा म्हणायचे, घड्याळ चुकीचं असलं तरी माणसाचा दिवस त्यावर बसलेला असतो, तो आपण हलवायचा नाही. बारा वर्षांची होते तेव्हापासून हे ऐकत होते. आयुष्यात एकदाच मोडलं, तेही आनंदाच्या भरात.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काम मात्र चोख केलंस. काटे नाही फिरवलेस." मला हसूही आलं आणि रडूही.

हे मला लपवता आलं असतं. तू तुझ्या पत्रात मान्यच केलं होतंस की ओळ बदलेन. मी गप्प बसले असते तर वीस तारखेला मी निर्दोष सुटले असते, आणि तू पुढची सत्तावीस वर्षं बसवाल्याला दोष देत बसला असतास. पण मी तुझ्याकडे खरं मागितलं होतं. मागणाऱ्याने आपल्या पदरातलं लपवून कसं चालेल?

म्हणून माफी मागते. माझं आयुष्य वाया गेलं म्हणून नव्हे. ते गेलेलं नाही, चांगलं चाललंय, आत्ता आतून हाका मारतंय की चष्मा सापडत नाही. तू अंधार पडेपर्यंत त्या बाकावर बसलास आणि तुला वाटलं की आपल्यासाठी कोणी येत नाही, त्याची माफी मागते. मलाही तसंच वाटलं होतं. ते किती दुखतं ते मला माहीत आहे.

आता ओळीचं. मी खूप विचार केला आणि माझी मागणी तीच आहे. चूक माझी, सगळी माझी, हवं तर एक कडवं वाढव आणि मला त्यात स्टुलावर चढव. पण मी आले होते. "ती येऊन गेली" हे काल खरं होतं आणि आजही आहे. ते गा.

तू विचारलंयस, उत्तर काय होतं. ते सांगणार नाही. ते त्या दिवशीच्या पाच वाजताचं उत्तर होतं. एवढंच सांगते, "नाही" म्हणायला कोणी पावणेपाचला येऊन बसत नाही.

टिकटिक


२१ एप्रिल

चिंब,

काल दुपारी चार वाजता आम्ही तिघं दुकानात बसलो होतो. रविवार, शटर अर्धं खाली. बाबांची खुर्ची रेडिओला चिकटवून ठेवली होती. नवऱ्याने तुझा फोटो घरून पिशवीत घालून आणला होता आणि तो काउंटरवर पालथा ठेवला होता. निकाल लागल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही म्हणाला.

गाणं सुरू झालं. व्हायोलिनं फार आहेत, पण तो तुझा प्रश्न. सात दिवस आले, धक्का आला, बाक आलं. पाच वाजले, पाणी हललं. आणि तू गायलास, "ती आलीच नाही."

मी उठले. कानशिलं तापली होती. एवढी पत्रं, एवढं सगळं सांगून झालं, आणि पुन्हा तेच. रेडिओ बंद करायला हात पुढे केला तर नवऱ्याने मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. "अजून पाच मिनिटं थांब."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं तो काय बोलतोय ते. मी खाली बसले.

दुसऱ्या कडव्यातही तेच. मग ते तिसरं कडवं आलं, जे आधी नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ, चाळीस मिनिटांची वजाबाकी, वरून येणारा भोंगा. स्टूल तू घातलं नाहीस. ते माझ्या लक्षात आलं. व्हायोलिनं थांबली आणि तू नुसत्या आवाजात म्हणालास, "ती येऊन गेली." दोनदा. दुसऱ्यांदा तुझा आवाज जरा हलला. चाल मोडली नाही.

मी रडले. ह्या वेळी धूळ वगैरे म्हणाले नाही.

बाबा विचारत होते, "काय म्हणाला? काय म्हणाला?" नवरा त्यांच्या कानाशी ओरडला, "आपली वेळेवर गेली होती म्हणतोय!" बाबा म्हणाले, "मग? वेळेवर जाण्यात गाण्यासारखं काय आहे?" नवऱ्याने फोटो उताणा केला आणि तुला म्हणाला, "बस आता." आज सकाळी बादलीसोबत नवी ओळ म्हणत होता. कडवं चुकलं, ओळ बरोबर.

तूही एक चूक केली आहेस, सांगून टाकते. गाण्यात तुझं घड्याळ पाण्यात गेलं आणि संपलं, असं आहे. ते संपलं नाही. सुट्टीवरून आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यात नवी दांडी घातली. पाठवायला पत्ता नव्हता. आमच्याकडे एक खण आहे, न्यायला न आलेल्या घड्याळांचा. दुकान उघडलं की त्यातल्या सगळ्यांना चावी द्यायची, ही बाबांची शिस्त. बंद ठेवलं की तेल गोठतं. सत्तावीस वर्षं रोज सकाळी मी त्याला चावी दिली. माझ्यावर ते कामाचं ओझं नव्हतं, खरं सांगते. नवऱ्याला काल खण उघडून दाखवलं. तो म्हणाला, "दुरुस्तीचं काम पुरं झालंय ना? मग गिऱ्हाइकाला द्यायला हवं."

ह्या पत्रासोबत ते पाठवते आहे. काचेवर एक ओरखडा आहे, तो तुझ्याच पडण्याचा, तसाच ठेवला. आज सकाळी चावी दिली नाही, म्हणून हाती पडेल तेव्हा थांबलेलं असेल. घाबरू नकोस. आणि हलवू नकोस. बाजूची चावी हळूच फिरव, दहा-बारा वेळा, लगेच चालू होईल.

वेळ मी लावलेली नाही. ती तू लाव.

टिकटिक